मल्लाप्पाण्णांची पाठ

लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलबीचं ताट घेऊन जरा वेगानं आला, की मल्लाप्पाण्णा खिशातनं पिवळं फडकं काढून डोक्याच्या वर धरायचे. वाढपी दचकून जागच्या जागी थांबायचा. मग आण्णा म्हणायचे, "थांबू नको रं. पिवळा म्हंजे थांब न्हवं. पिवळा म्हंजे सबूर. फुडं सांडलंय." आणि खरंच, दोन पानं सोडून कुणाच्या तरी पोरानं मठ्ठ्याचा पेला लवंडलेला असायचा.

हे फडकं त्यांच्या नेहरू शर्टाच्या खिशात बारा महिने असायचं. नळावर भांडण पेटायला लागलं, की पिवळा. गुळाच्या सौद्यात एखादा नवखा व्यापारी भाव चढवत सुटला, की पिवळा. न्हाव्यानं कानाजवळ वस्तरा आणला, की अंगावरच्या कापडाखालनं हात काढून पिवळा. एकदा त्यांच्या धाकट्या लेकानं घरात सांगितलं, की मला बेंगळूरची मुलगी पसंत आहे. त्यांची बायको, आमची शांताक्का, हिनं स्वयंपाकघरातनं डोकावून बघितलं, तर आण्णा सोप्यात उभे आणि हातात पिवळा.

"अवो, पोरगं लगीन करतंय. मोटार न्हवं पळवत," आक्का म्हणाली.

"त्येच की," आण्णा म्हणाले. "मोटार ठरलेल्या फेऱ्या झाल्या की थांबती तरी."

शाहूपुरीत त्यांचं गुळाचं अडत दुकान होतं. मी शेजारच्या, मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर. मधली भिंत एकच. माझ्या बाजूला ग्रीसचा वास आणि त्यांच्या बाजूला गुळाचा. दुपारी दोन्ही मिसळले की डोकं गरगरायचं. आण्णांचं घराणं मूळचं सीमेपलीकडचं. घरात कानडी, बाजारात मराठी आणि काळजी दोन्ही भाषांत. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, पांढरं धोतर, काळी टोपी. गुळाचे रवे उतरवणाऱ्या हमालाला ते सांगायचे, "पाय बघून टाक." तो पायरी उतरून खाली गेला, की म्हणायचे, "टाकलास न्हवं बघून?"

वेगाचं तर त्यांना भयच होतं. त्यांची एक लुना होती. ती ते अशा बेतानं चालवायचे, की शाळेच्या पोरी सायकलीवरनं घंटी वाजवत पुढं जायच्या. मागं शांताक्का एका अंगानं बसलेली, मांडीवर भाजीची पिशवी, एक हात आण्णांच्या पाठीवर टेकलेला. हमाल चेष्टा करायचे, "आण्णा, इंजान मागं हाय व्हय?"

"व्हय की," आण्णा म्हणायचे. "बिगर मागच्या इंजानाची गाडी मी चालवतच न्हाय."

आम्ही हसायचो. मीही हसायचो. रोज डोळ्यांसमोरनं जाणाऱ्या गोष्टीकडं माणूस बघत नाही.

असा हा माणूस मोटारींच्या शर्यतीत कसा गेला, ते आधी सांगतो. पुढचं सांगायला मला जरा धीर लागणार आहे.

नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या गावाबाहेरच्या माळावर शर्यतींचा कायमचा ट्रॅक झाला. रस्त्याला दोऱ्या बांधून केलेली एक दिवसाची हौस नव्हे. वळणं, सरळ पट्टे, कडेला जुन्या टायरांच्या भिंती, पत्र्याचा मनोरा, सगळं पक्कं. कोल्हापूरकरांना शर्यत नवी नव्हती. बैलगाड्यांची माहीत, घोडागाड्यांची माहीत, कुस्ती तर विचारूच नका. पहिल्या रविवारी माणूस लोटला तो भडंगाच्या पिशव्या घेऊन. मोटारी बघून मात्र सगळ्यांचं तोंड उतरलं. एकच माणूस बसणार, छप्पर नाही, जमिनीला चिकटलेली गाडी.

"ही मोटार? ह्यो तर पाळणा हाय," एक म्हातारा म्हणाला.

मग पाळणा सुटला. दुसऱ्या फेरीला म्हातारा एकदम उठून ओरडला, "आतनं घाल! आतनं घाल त्येला!" तालमीतला माणूस होता.

आण्णा त्या दिवशी आले होते ते आक्काच्या हट्टापायी. कुंपणाशी उभे होते. पहिल्या दोन फेऱ्या त्यांनी डोळे मिटून काढल्या. तिसऱ्या फेरीला डोळे उघडले, समोरनं ती धुडं येताना बघितली आणि त्यांचा धीर सुटला. आक्काच्या खांद्यावर हळदी रंगाची शाल होती. ती त्यांनी ओढली, कुंपणावर चढले आणि दोन्ही हातांनी हलवत बोंबलले, "पावणं! सबूर! सबूर!"

आणि मोटारी हळू झाल्या. एकामागं एक, सगळ्या.

मनोऱ्यावरनं आयोजकांपैकी एक साहेब लालबुंद होऊन पळत आले. कोण तुम्ही, काय केलंत, शर्यतीत पिवळा झेंडा म्हणजे काय माहीत आहे का? पुढं धोका आहे, वेग कमी करा, कुणाला मागं टाकू नका!

आण्णा कुंपणावरच बसून राहिले. "म्हंजे ह्यो कायदाच हाय?" त्यांनी विचारलं.

"कायदाच आहे!"

"पिवळा दाखिवला, की हळू व्हायाच लागतंय? कुणी का असंना?"

"कुणीही असो!"

आण्णांचा चेहरा त्या वेळी मी बघितलाय. जन्मभर जगाला 'हळू, हळू' म्हणून घसा कोरडा केलेल्या माणसाला कळलं होतं, की पृथ्वीवर एक जागा अशी आहे जिथं त्याचं ऐकणं सक्तीचं आहे. ते खाली उतरले आणि म्हणाले, "मग मला घ्या की." झेंडेवाले पगाराशिवायचे होते आणि कमीच पडत होते. साहेबांनी घेतलं. आमच्या दुकानातनं ट्रॅकला प्लग आणि तेल जायचं, म्हणून मलाही घेतलं. दोघांना मिळून मनोऱ्यापासनं सगळ्यात लांबचं, उतारावरचं वळण दिलं.

आता त्या कामाची रीत सांगायला हवी, कारण सगळं तिथंच आहे. वळणावर झेंडेवाले दोघं असतात आणि पाठीला पाठ करून उभे राहतात. पिवळेवाला पुढं बघतो, म्हणजे मोटारी जिकडं जातात तिकडं. पुढं कुणी घसरला, उलटला, तर तो मागनं येणाऱ्यांना पिवळा दाखवतो. येणाऱ्या मोटारींकडं त्याची पाठ. त्यानं मागं बघायचं नाही. मागं बघितलं तर पुढचं चुकलं. दुसरा, निळेवाला, येणाऱ्या मोटारींकडं तोंड करून उभा; मागनं वेगवान मोटार आली, की पुढच्याला निळा दाखवून वाट सोडायला सांगतो. एखादी मोटार ट्रॅक सोडून अंगावर आली, तर पिवळेवाल्याला ती दिसणारच नाही. ती दिसणार निळेवाल्याला. म्हणजे पिवळेवाल्याचा जीव निळेवाल्याच्या डोळ्यांत.

आण्णांनी पिवळा सोडून दुसरा झेंडा हातात धरायचं नाकारलं. त्यामुळं निळा माझ्याकडं आला, आणि आण्णांचा जीवही.

शिकवायला मद्रासकडचा एक माणूस आला होता. त्यानं सांगितलं, "निळेवाल्यानं एका हातानं जोडीदाराचा कमरेचा पट्टा धरून ठेवायचा. धोका दिसला की ओढायचं." छान. पण आण्णांना पट्टा कुठला? धोतर. पहिल्याच शर्यतीला मी मागं चाचपलं आणि हाताला जे घट्ट लागलं ते धरलं. तो त्यांचा मागं खोचलेला काष्टा होता.

तिसऱ्या फेरीला एका मोटारीचं चाक नुसतं मातीत गेलं. मी ओढलं.

पुढचं बघायला सगळा माळ उभा राहिला. आण्णा एका हातानं पिवळा उंच धरून आणि दुसऱ्या हातानं धोतर सावरत उभे. माझ्या हातात चार हात पांढरं कापड फडफडतंय. गर्दीतनं कुणीतरी ओरडलं, "आण्णा, पांढरा दाखिवला! शरण आला काय?"

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडनं आले आणि म्हणाले, "सुभाषा, ओढाओढी नको. बोटानं सांग." मग त्यांनी मला पाठीवरची भाषा शिकवली. एक हात मागं नेऊन दोन खांद्यांच्या मध्ये नुसता टेकवून ठेवायचा. एक बोट दाबलं, की नेहमीचा येतोय, काळजी नाही. दोन बोटं, की दोघं एकमेकांना खेटून येतायत. मूठ टेकवली, की वाकडा येतोय, तयार राहा. आणि सगळा पंजा दाबला, की उडी.

"ही कुठली रीत, आण्णा?"

"आमच्या बापाच्या टायमाला गुळाचा भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा," ते म्हणाले. "त्यातलीच." मला ते पटलं. न पटण्यासारखं काही नव्हतं.

ती बोटं इतकी बसली, की आम्ही दिवसभर एक शब्द न बोलता उभे असायचो. मी तसाही कमी बोलणारा. आण्णा मात्र मोटारींशी बोलायचे. "सबूर, पावणं, सबूर!" बेंगळूरकडची पोरं असली की तेच कानडीत, "निधान, तम्मा, निधान!" ताशी दीडशेनं जाणाऱ्या माणसाला ते ऐकू जाणं शक्यच नव्हतं. आण्णा म्हणायचे, "कानात न्हाय गेलं तरी हवेत ऱ्हातंय."

शर्यतीच्या सकाळी त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. माझ्याही नाही. आम्ही ट्रॅकवर सगळ्यांच्या आधी पोचायचो. ते वळणावरचे खडे वेचायचे, टायर हलवून बघायचे, आभाळाकडं बघायचे. काही नसलं तर त्याचीच काळजी. "सगळं बरं हाय. मग चुकणार कुठं?" एकदा मात्र चुकलंच. माळावर चरणारी म्हैस कुंपणाच्या भगदाडातनं आत आली आणि वळणाच्या मधोमध उभी राहिली. आण्णांनी मोटारींना पिवळा दाखवलाच, पण मग वळून म्हशीलाही दाखवला. म्हैस हलेना. कुंपणापलीकडनं तिचा मालक ओरडला, "आण्णा, म्हस अजून शाळंला घातली न्हाय!" शर्यत थांबली. आण्णांनी म्हशीला कानाला धरून बाहेर काढलं आणि तिला म्हणाले, "तुझं काय चुकलं न्हाय बाई. भगदाड मी बघाय पायजे हुतं."

लोक हसायचे. पण त्या वळणावर कुणाचं बरंवाईट झालं नाही, हेही लोकांना माहीत होतं. पंजा मी त्या वर्षांत एकदाच दाबला. एक मोटार घसरून सरळ आमच्याकडं आली आणि आम्ही दोघं टायरांच्या भिंतीमागं पडलो. मी डोळे उघडले तेव्हा आण्णा भिंतीवर पालथे पडून पिवळा हलवत होते. टोपी कुठल्या कुठं गेलेली. "सुभाषा," ते म्हणाले, "पंजा जरा जोरात लागला." आणि हसले.

मला वाटायचं, भीती एकट्याचीच असते. तिथं कळलं, दोघांत वाटली की उभं राहता येतं.

नव्वदीच्या शेवटाला शांताक्का गेली. ताप आला, उतरला, पुन्हा आला आणि गेली. एक लेक पुण्याला, एक बेंगळूरला. येऊन दिवस करून गेले. लुनावर आण्णांनी गुळाचं बारदान टाकलं. पुढच्या शर्यतीला ते येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. ते सकाळी माझ्या दारात उभे. "चल की. खडं कोण येचणार?" मी त्यांना माझ्या स्कूटरवर मागं बसवून नेलं.

आता जे लिहायचं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

शर्यत सुटली. मी हात पाठीवर टेकवला. पहिली मोटार दिसली, एक बोट दाबलं. आणि माझ्या हाताखाली आण्णांची पाठ हलली. मला वाटलं, खोकले असतील. दुसऱ्या मोटारीला पुन्हा दाबलं, पुन्हा हलली. आण्णांचा पिवळा जागेवर होता, मान ताठ, नजर पुढं. पण पाठ रडत होती. एकेका बोटाला रडत होती. मोटारींच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं आणि मला तोंड दिसत नव्हतं. फक्त तळहाताला कळत होतं.

दिवसभर मी बोटं दाबत राहिलो. दुसरं काय करणार? पुढच्या महिन्याच्या शर्यतीला तेच. मला ते सोसेना. मी भित्रा माणूस आहे. मोटार अंगावर आली तर काय करायचं ते मला शिकवलं होतं. हे कुणी शिकवलं नव्हतं.

तेवढ्यात मनोऱ्याजवळच्या दोन तरण्या झेंडेवाल्यांनी आमची थट्टा सुरू केली. "जोडपं आलं बगा. पाठीवरचा हात सुटत न्हाय." मला निमित्त मिळालं. मी खेळाच्या दुकानातनं एक पंचाची शिट्टी घेतली आणि आण्णांना म्हटलं, "आता सगळीकडं शिट्टीच वापरतात. एकदा वाजवली तर नेहमीचा, दोनदा तर..."

आण्णांनी शिट्टी हातात घेऊन बघितली. उलटी केली, सुलटी केली. मला परत दिली.

"बरं," म्हणाले.

एवढंच. त्यांनी जर विचारलं असतं, का रं बाबा, तर मी काय उत्तर दिलं असतं ते मला आजही सांगता येत नाही. त्यांनी विचारलं नाही.

मोटारींच्या त्या आवाजात शिट्टी कुठली ऐकू येणार? दुसऱ्याच शर्यतीपासनं आण्णा मागं बघायला लागले. आधी नुसती मान, मग खांदा. दर थोड्या वेळानं, पोरगं गर्दीत आई शोधतं तसं. मी येणाऱ्या मोटारींकडं बघत शिट्टी वाजवत राहायचो. डोळ्याच्या कोपऱ्यातनं मला दिसत होतं, की पिवळेवाला मागं बघतोय. का बघतोय तेही कळत होतं. हात उचलून पाठीवर ठेवायला वेळ लागला नसता. प्रत्येक शर्यतीला ठरवायचो, आज ठेवू. तिथं उभं राहिलं, की ती पाठ आठवायची आणि हात शिट्टीकडं जायचा.

मग जे व्हायचं ते झालं. पुढच्या पट्ट्यावर एक मोटार फिरून आडवी झाली, नेमकी त्याच वेळी आण्णांची मान मागं वळलेली. पिवळा एका श्वासाएवढा उशिरा वर गेला. मागनं इचलकरंजीचा, यंत्रमागवाल्यांच्या घरातला एक तरुण येत होता. तो धडकला. त्याचं खांद्याचं हाड मोडलं. पुढच्या हंगामात तो पुन्हा गाडीत बसला, हे आधीच सांगून टाकतो. तेव्हा मात्र त्याला स्ट्रेचरवर घालून नेलं.

मुख्य साहेब आले. ओरडले नाहीत, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "आण्णा," म्हणाले, "तुम्ही हल्ली सारखं मागं बघता. बऱ्याच जणांनी सांगितलं. पिवळेवाल्यानं मागं बघून चालत नाही. आता वय झालं, घरी आराम करा."

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. तक्रारीनं नव्हे. मी काही म्हणतोय का, एवढंच बघितलं.

मी निळ्या झेंड्याची घडी घालत होतो. चौकोनी घडी जमत नव्हती, म्हणून उलगडून पुन्हा घातली.

आण्णांनी पिवळा झेंडा साहेबांच्या हातात दिला. मग खिशातलं पिवळं फडकं काढलं, ते ट्रॅकचं नव्हतं, त्यांचं स्वतःचं होतं, तेही देऊ लागले. साहेब म्हणाले, "हे असू दे." आण्णांनी ते खिशात ठेवलं. त्यानंतर ते बाहेर निघालेलं कुणी बघितलं नाही. पुढं एका लग्नात वाढपी आमटीची बादली घेऊन आमच्यासमोरच घसरला. आण्णा ताटाकडं बघत जेवत राहिले.

त्यांच्या जागी मला पिवळा दिला. मी दोन शर्यती उभा राहिलो. नवीन निळेवाला हुशार पोरगा होता, शिट्टी झकास वाजवायचा. मला काही ऐकू येत नव्हतं. दुसऱ्या शर्यतीला मी स्वतःलाच मागं बघताना पकडलं. त्यानंतर मी गेलो नाही. दुकानात काम वाढलंय म्हणून सांगितलं.

वर्षं गेली. मोठ्या शर्यती दुसऱ्या शहरांकडं वळल्या; ट्रॅकवर आठवड्यातनं एखादा दिवस शिकाऊ पोरं छोट्या गाड्या फिरवतात, असं कानावर यायचं. आण्णांच्या आणि माझ्यामध्ये भिंत तीच होती, पण तिच्यापलीकडनं "पाय बघून टाक" ऐकू आलं तरी मी जात नव्हतो. दिसले तर "बरं आहे का, आण्णा?" आणि "बरं हाय की." माणसं अशी दहा वर्षं काढू शकतात.

मग एका दुपारी बघतो, तर आण्णा लुना ढकलत चाललेत. उन्हातनं, बाजाराच्या गर्दीतनं, दोन्ही हँडल धरून. हँडलला भाजीची पिशवी. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी हमाल म्हणाला, "महिना झाला. बारदान काढलं आणि ढकलतच हिंडत्यात. लुना बिघडली असंल." सुट्या भागांच्या दुकानात आयुष्य गेलेल्या माणसाला एवढं निमित्त पुरे होतं. मी पाना घेऊन बाहेर गेलो.

"द्या इकडं, बघतो."

आण्णांनी गाडी दिली. मी प्लग काढून पुसला, तेल बघितलं, पेडल मारलं. पहिल्या दणक्याला सुरू झाली.

"आण्णा, हिला काही झालं नाही."

"न्हाय की."

"मग ढकलत का नेता?"

"घरात हुभी करून करमंना. आन् चालवली तर मागनं काय येतंय कळत न्हाय."

"आरसा लावून देऊ का? आहे दुकानात."

"आरशात बघितलं तर फुडचं चुकतंय," आण्णा म्हणाले.

मी पाना हातात धरून उभा राहिलो. "पूर्वी कसं कळायचं?"

"आक्का सांगायची की."

"ओरडून?"

"ओरडून कशाला? हाय की हात पाठीवर. मागनं कोण आला, की एक बोट. ट्रक आला की पंजा." मग माझ्याकडं न बघता, लुनाच्या सीटवरची धूळ झाडत म्हणाले, "रुमालाखालची बोटं येगळी असत्यात, सुभाषा. ती तळहातावर. पाठीवर कोण भाव करतंय व्हय?"

इंजिन चालूच होतं. ग्रीसचा आणि गुळाचा वास मिसळून येत होता. मी काउंटरवरच्या पोऱ्याला दुकान बघायला सांगितलं आणि आण्णांना म्हटलं, "बसा. मी मागं बसतो."

"तू? मोडंल की ती."

"मोडली तर भाग आहेत."

ते बसले. मी मागं बसलो. हात ठेवायला मला गल्लीच्या तोंडापर्यंत वेळ लागला. मग ठेवला, दोन खांद्यांच्या मध्ये. पाठ बारीक झाली होती. हाडं लागत होती. मागनं सायकलवाला आला, एक बोट. रिक्षा आणि मोटारसायकल एकमेकींना खेटून, दोन. आण्णांनी लुना कडेला घेतली, एकदाही मान न वळवता. शाळेच्या पोरी घंटी वाजवत पुढं गेल्या. कुठं जायचं हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. लुना हायवे ओलांडून माळाच्या रस्त्याला लागली.

मला माणसाच्या तोंडाकडं बघून बोलता येत नाही. पाठीशी बोलता येईल असं वाटलं. मी म्हटलं, "आण्णा, ती शिट्टी..."

आण्णांचा डावा हात हँडलवरनं सुटला. खिशात गेला. पिवळं फडकं बाहेर आलं, विटलेलं, घडीवर फाटलेलं, आणि त्यांनी ते डोक्याच्या वर धरलं.

मी गप्प झालो.

थोडं अंतर गेल्यावर ते म्हणाले, "गप का झालास? पिवळा म्हंजे थांब न्हवं. सबुरीनं बोल."

मग मी बोललो. सबुरीनं, आणि सगळं. शिट्टी थट्टेमुळं आणली नव्हती. तुमची पाठ रडायची ते मला सोसत नव्हतं. तुम्ही मागं का बघता ते मला माहीत होतं. साहेबांसमोर मी झेंड्याची घडी घालत उभा राहिलो. लुनाचं इंजिन टरटरत होतं, वाऱ्यात निम्मे शब्द गेले असतील. आण्णा वळले नाहीत. पिवळं फडकं त्यांनी हँडलला धरून ठेवलं होतं, ते फडफडत होतं.

माझं बोलणं संपलं तेव्हा ट्रॅकचं कुंपण दिसायला लागलं होतं. आत कुणी नव्हतं. आमचं उतारावरचं वळण, त्याच्या कडेला टायरांची भिंत, तिच्यातनं गवत उगवलेलं. मी उत्तराची वाट बघत होतो.

"मागनं कोण हाय काय?" आण्णांनी विचारलं.

मी वळून बघितलं. रस्ता, माळ, लांब एक म्हैस.

"कोणी नाही, आण्णा," मी म्हटलं, आणि हात उचलायला लागलो.

"असू दे की," आण्णा म्हणाले. "फुडं वळण हाय."